बेबीची सायकल काय म्हणता?

सायकलच्या दुकानात बाकडं ठेवू नये. आमच्या दादाने ठेवलं आणि तिथेच सगळं सुरू झालं. वाण्याकडे माणूस गूळ घेतो आणि चालू पडतो. न्हाव्याकडे बसतो, पण वस्तरा गळ्याशी असल्यामुळे बेताने बोलतो. सायकलवाल्याकडे मात्र गिऱ्हाईक अडकलेलं असतं. त्याचं वाहनच आमच्यासमोर उलटं करून ठेवलेलं, मग ते जाणार कुठे? ते बाकड्यावर टेकतं, पान जुळवतं आणि सुरू होतं. एका पंक्चरला एक गोष्ट, असं साधारण धरा. ट्यूब जुनी असेल तर दोन.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पावसाळा सोडून. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

दुकान मालवणच्या बाजारात, आमच्या घरासमोरच. दुकान दादाचं. दादा म्हणजे वसंता मेस्त्री. मी त्याचा धाकटा भाऊ मधू, पण बाजारात माझं नाव 'वसंताचो भाव'. या आषाढात दादा गेला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी माणूस नाही. मग भाद्रपदात मुंबईच्या मामांनी ठरवलं, दुकान बंद करायचं आणि मला गिरणीत चिकटवायचं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच, पण आधी बाकड्यावरचं सांगू द्या. एकदम तिकडे गेलो तर मला जमायचं नाही.

*

सायकल आणली की दादा आधी तिच्याकडे बघायचाच नाही. मालकाला विचारायचा, "काय म्हणता ती?"

म्हणजे आवाज कसा येतो ते मालकाने तोंडाने काढून दाखवायचं. 'आवाज येतो' एवढ्यावर भागत नसे. चांगली कोटटोपीवाली माणसं आमच्या दारात उभी राहून कर्र, खट्ट, चीं करत.

एकदा शाळेतले गुरुजी आले. गुरुजींचं बोलणं पुस्तकासारखं. म्हणाले, "अलीकडे ही किंचित कुरकुर करते."

"कुरकुर ह्यो तुमचो शब्द झालो, गुरुजी. ती काय म्हणता?"

गुरुजींनी रस्ता वरपासून खालपर्यंत बघितला. कोणी नव्हतं. मग धोतर सावरून, डोळे मिटून त्यांनी आवाज काढला, "खट्ट... कर्रऽऽ... खट्ट." इतका हुबेहूब, की मी चमकून सायकलकडे बघितलं. दादाने सीटवर दोनचार वेळा बोटं आपटली आणि म्हणाला, डावीकडचा कॉटर ढिला आहे. कॉटर म्हणजे पायडलचा दांडा जागेवर धरून ठेवणारी खीळ. त्याने दोन ठोके मारले आणि आवाज गेला.

पण पलीकडे सुपारीच्या पोत्यांमागे चौथीतली तीन पोरं गोट्या खेळत होती.

आठ दिवसांनी गुरुजी परत आले. दादाने विचारलं, सायकल बरी आहे ना?

"सायकल उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. "आता वर्ग वाजतो."

*

पांडू तांडेल दांडीवरचा, किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या वस्तीतला. होडीवर तांडेल, म्हणजे म्होरक्या, आणि भजनात पखवाजाला. त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, मोरी माशाचं तेल. होडीच्या फळ्यांना तेच, आईच्या गुडघ्यांना तेच, पखवाजाच्या दोरीलाही तेच. सायकलची चेन करकरायला लागली तेव्हा त्याने तिलाही तेच पाजलं.

आवाज गेला. पण दांडीपासून बाजारापर्यंत त्याच्यामागे मांजरं. मी स्वतः मोजली, नऊ होती. पांडू उतरला तशी ती सायकलभोवती गोल बसली, पंगतीला बसतात तशी.

दादाने रॉकेलचा डबा काढला आणि चेन धुऊन देतो म्हणाला. पांडूने चेनवर हातच ठेवला.

"रवांदे रे. दारात मांजरा दिसली काय बायल आपसूक वाटप वाटूक घेता."

बरोबर आहे. मांजरं पुढे म्हणजे मासे मागे. नवरा दारात पोचेपर्यंत पाट्यावर खोबरं तयार. दादाने विचारलं, आणि हातात मासा नसला तर?

"मगे काय? मांजरांनी खाल्ल्यानी म्हणान सांगतंय."

*

आता माझा पराक्रम. मागच्या चाकावर जे दातेरी चक्र असतं त्याला आम्ही फ्री म्हणतो. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं ते त्याच्यामुळे. त्याच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढे छर्रे असतात, खंडीभर. दादाने बजावलं होतं, मी नसताना फ्री उघडायची नाही.

दादा जेवायला गेला आणि मी उघडली. मला थांबता येत नाही, हे एक आहेच. सायकल पोस्टमनची होती. फ्रीचं झाकण सुटलं आणि छर्रे दुकानाच्या पायरीवरून टणाटण उड्या मारत अंगणात गेले. अंगणात शेजारच्या आकूकाकीच्या कोंबड्या. त्यांना वाटलं, देव पावला.

मी कोंबड्यांच्या मागे, आकूकाकी माझ्या मागे, आणि जेवण टाकून दादा आकूकाकीच्या मागे. दादाने मला मारलं नाही. पोस्टमनला एवढंच सांगितलं, की छर्रे सध्या कोंबड्यांच्या पोटात आहेत, उद्या सकाळपर्यंत बघू. त्या दिवशी मेढा वाडीतली पत्रं पोस्टमनने पायी वाटली, आणि उशीर का झाला ते घरोघर सांगत वाटली.

मला दादा म्हणाला, "फुडच्या टायमाक खाली फडको घाल आणि वर टोपली."

आकूकाकीने त्यावर वर्षभर अंडी विकली. गिऱ्हाईकाच्या हातात अंडं ठेवताना हळूच सांगायची, "जपान फोड हां. बेअरिंगवाला आसा."

*

दादा गेल्यावर चौदाव्या दिवशी मी दुकान उघडलं. वहिनीने किल्ली हातात दिली. दादाच्या स्टुलावर मला बसवेना, म्हणून उभाच राहिलो. म्हटलं, येणार कोण? लोक यायचे ते दादाकडे. मी नुसता हवा भरणारा.

पहिला पोस्टमन आला. ब्रेक धरत नाही म्हणाला. मी बघितला, चांगला धरत होता. तसं सांगितलं तरी म्हणाला, घट्ट कर. मग एक जण आला, त्याची सीट वाकडी. सीट सरळ होती. पांडू तांडेल आला, म्हणे पंक्चर. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधत बसलो, पाणी गढूळ झालं तरी एक बुडबुडा येईना. पांडू शेजारी बसून सांगतो, "नीट बघ, आसतलो खंय तरी." आकूकाकीकडे तर सायकलच नाही. ती कोंबड्यांची टोपली घेऊन आली, तार आवळून दे म्हणाली.

दुपारी मी आतून बघतो तर गुरुजी रस्त्याच्या वळणावर वाकलेले. स्वतःच्या चाकातली हवा सोडत होते. मग सायकल ढकलत आले. मी काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला सुचलं नाही. तरी त्यांनी डोळे मिटले आणि भर बाजारात, शाळेची पोरं समोर उभी असताना, मोठ्याने आवाज काढला, "फुस्सऽऽ."

त्या दिवशी मालवणात एक सायकल धड नव्हती.

*

कट्टा गावचे एक आजोबा महिन्यातून एकदा बाजाराला यायचे. त्यांना कळलेलं नव्हतं. दारात सायकल टेकवून त्यांनी विचारलं, "मेस्त्री खंय?"

माझ्या तोंडावर माझा ताबा नाही. मी म्हटलं, "मुंबयक गेलो."

आजोबा खूश झाले. म्हणाले, बरं झालं, इथे काय आहे? परत कधी येणार? मी म्हटलं, चतुर्थीला. मुंबईला गेलेला माणूस चतुर्थीला घरी येतोच, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आजोबा हजर. हँडलला पिशवी, पिशवीत चिबूड. त्यांच्या परड्यातलं, इतकं पिकलेलं की दुकानातला रबराचा वास हटला. म्हणाले, मेस्त्रीला आवडतं, दरवर्षी मागायचा. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वहिनी दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. आजोबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळाकडे बघितलं.

मग आजोबांनी चिबूड दोन्ही हातांनी वहिनीच्या हातात दिलं आणि सायकल माझ्याकडे ढकलली.

"मेस्त्री येयसर माझी सायकल तू बघ," ते म्हणाले.

*

आता बेबीची सायकल.

बेबी म्हणजे कंपाउंडरांची मुलगी, आठ वर्षांची. तिची सायकल वैशाखात मुंबईहून आगबोटीने आली. खोक्यात, सगळे भाग सुटे. लाल रंगाची, एवढीशी. दादाने ती जोडली. शेवटची नवी सायकल ती, त्याच्या हातची. जोडून झाल्यावर त्याने ती उलटी केली, पायडल फिरवलं आणि मला म्हणाला, "आयक."

मी म्हटलं, काहीच ऐकू येत नाही.

"ताच आयक."

नारळी पौर्णिमा झाली आणि ती सायकल बोलायला लागली. टक्क... कर्रर्र. सायकल बकरीएवढी आणि आवाज भरल्या बैलगाडीचा. बेबी सकाळी शाळेत जायची, संध्याकाळी धक्क्यावर जायची आणि मधल्या वेळात उगाच जायची. सगळा बाजार ऐकायचा. ती आमच्या दारावरून गेली की बाकड्यावरची माणसं एकदम आभाळाकडे बघायची.

मी तेल घातलं. पहिल्यांदा थोडं, मग दुसऱ्यांदा, मग डबाच तिरपा केला. बेबीचा पांढरा फ्रॉक कमरेपासून खाली काळा झाला. तिच्या आईने तो दुकानात आणून माझ्या खांद्यावर टाकला. "ह्यो आता तूच घाल."

आवाज होता तिथेच होता. मग मी चेन ताणली, चांगली तुणतुण्याच्या तारेसारखी. आवाज बंद! मी धावत जाऊन कंपाउंडरांना बोलावून आणलं. बेबी सीटवर बसली, पायडलवर उभी राहिली, उड्या मारल्या. पायडल हलेना.

मी म्हटलं, "आवाज तर गेलो."

कंपाउंडर मोजून बोलणारा माणूस. म्हणाले, "पेशंट पण गेलो."

बोलले आणि लगेच त्यांनी जीभ चावली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण मला हसू फुटलं. आषाढानंतर पहिल्यांदा.

*

गणपतीला मामा आले. मामा मुंबईला गिरणीत फिटर. माया करणारा माणूस, पण मनात आलेली गोष्ट लगेच ठोकून बसवतो, मापात असो नसो. दुपारी पडवीत आडवे झाले आणि बेबी रस्त्यावरून गेली, चेन परत ढिली केलेली, आवाज होता तसा. मामा उठून बसले.

हे काय, म्हणाले. मी म्हटलं, बेबीची सायकल. कोणी दुरुस्त केली? मी म्हटलं, मी.

मामा परत आडवे झाले. मग म्हणाले, गणपती पोचवले की माझ्याबरोबर चल. दुकान वसंताच्या कानांवर चालत होतं. तुझ्या हातांवर चालायचं नाही. रागाने नाही बोलले, त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि खोटं काय होतं त्यात? मामांपुढे नाही म्हणायची आमच्या घरात रीतही नाही. त्यानंतर रोज दुपारी बेबी गेली की ते डोळे न उघडता बोट वर करायचे.

"ती आयक. ती तुझ्या दुकानाची पाटी."

एका दुपारी माझं डोकं फिरलं. बेबीकडून सायकल हिसकावलीच म्हणा ना. खाली फडकं घातलं, शेजारी टोपली पालथी ठेवली आणि पायडलपासून फ्रीपर्यंत सगळी सोडवली. कॉटर नवे ठोकले, छर्रे धुतले, ग्रीस भरलं. दिवेलागणीला सायकल परत उभी केली तर फडक्यावर एक नट उरलेला. मामा नेमके तेव्हाच चहाचा पेला घेऊन दारात. त्यांनी नट उचलून उजेडात धरला.

"ह्यो खयचो?"

मी म्हटलं, "जास्तीचो."

मामांनी नट फडक्यावर परत ठेवला. म्हणाले, मुंबईत मशीन जोडून असा नट उरला तर माणसाचा हात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एस.टी.त दोन जागा सांगून ठेवल्या. कोल्हापूरपर्यंत एस.टी. आणि तिथून रेल्वे. आणि ते नातेवाइकांना भेटायला दोन दिवस आचऱ्याला गेले.

सायकल जोडून झालीच होती. बेबी बसली. टक्क... कर्रर्र.

*

मामा आचऱ्याला असतानाची गोष्ट. सकाळी पांडू तांडेल बाकड्यावर येऊन बसला. आदल्या रात्री भजनं झालेली, डोळे लाल, पोटात काळ्या वाटाण्याची उसळ. मी सामान आवरत होतो. बेबी दारासमोर गोल गोल फिरत होती, कारण तिला सांगितलं होतं की हा मुंबईला जाणार, मग तुझी सायकल कोणी बघायची नाही. म्हणून आजच बघ म्हणत होती.

पांडू डोळे मिटून बसलेला. बोटं मात्र शेजारच्या रॉकेलच्या डब्यावर चाललेली, पखवाजावर चालतात तशी. मध्येच त्याने डोळे उघडले.

"ही समेर येणा नाय," तो म्हणाला.

सम म्हणजे तालाचं घर. ताल फिरून फिरून ज्या ठोक्यावर परत येतो तो ठोका. पांडूने बेबीला सांगितलं, एका लयीत पाय मार गो. तिचा उजवा पाय खाली आला की तो डब्यावर एक थाप मारायचा. पहिल्या थापेला टक्क बरोबर आलं. दुसरीला आलंच नाही. तिसरीच्या जरा पुढे आलं. मग परत नाही. मग आणखी पुढे.

पांडू म्हणाला, पायडलचा आवाज असता तर दर थापेला घरी आला असता. चाकाचा असता तर चाकाच्या दर फेरीला आला असता. हा दोघांनाही सोडून भटकतो. "दोघांपरास लांब कोण फिरता, सांग?"

मी म्हटलं, "चेन."

मी विचारलं, तुला सायकलमधलं हे कसं कळतं? तो म्हणाला, सायकलमधलं काही कळत नाही. "वसंता सीटीर बोटा आपटायचो, बघूक नाय तू? ता मोजी. माझ्याकडसून शिकलो. पखवाज काय मेल्याक येवक नाय, मोजूक तेवढा इला."

सहा वर्षं मी ती बोटं बघत होतो. मला वाटायचं, सवय आहे.

मी चेन उतरवली, रॉकेलात धुतली आणि जपमाळ ओढतात तशी एकेक कडी बोटांत वाकवत गेलो. सगळ्या कड्या मऊ वाकत होत्या. एक वाकेना. गंजून घट्ट झालेली, सांध्यात वाळूचा कण बसलेला. ती दात्यावर चढताना टक्क, उतरताना कर्रर्र. सगळी सायकल मी सोडवली होती, पण चेन होती तशी उचलून परत घातली होती. वर माझ्याच तेलाने ती कडी लपलेली.

बेबीला विचारलं, हा गंज कुठून आला? बेबी पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. मग बोलली.

"नारळी पुनवेक सगळ्यांनी दर्याक नारळ दिल्यानी आणि होड्यो दर्यात घातल्यानी. मगे मी पण माझी सायकल घातलंय."

पांडूने गंभीरपणे विचारलं, नारळ दिलास का?

"नारळ नाय होतो. लिमलेटची गोळी दिलंय."

पांडूने समुद्राच्या दिशेने हात जोडले. म्हणाला, गोळीवर भागवलं आणि सायकल परत दिली, दर्या मोठ्या मनाचा.

मी ती कडी दोन्ही बाजूंना हलवत राहिलो. रॉकेल, मग हलवणं, परत रॉकेल. कण निघाला. कडी सुटली. तेलाचा एकच थेंब घातला, चेन चढवली आणि सायकल उलटी करून पायडल फिरवलं. बेबीने कान अगदी जवळ नेला. म्हणाली, काहीच ऐकू येत नाही.

मी काय उत्तर दिलं ते पांडूला विचारा. मी तिथून उठून आत गेलो आणि पान्यांची पेटी आवरत बसलो. ती आवरलेलीच होती.

*

निघायचा दिवस उजाडला. मामा आचऱ्याहून रात्रीच आले होते. मी त्यांना सांगितलं, आवाज गेला. त्यांनी घड्याळात बघितलं. "गेलो काय, इलो काय. जागा सांगितल्यो आसत."

ट्रंक वहिनीने भरली. मी दादाचे पाने आत ठेवायला गेलो तर तिने ते बाहेर काढले. म्हणाली, हे मुंबईला जायचे नाहीत. मी म्हटलं, मग मी?

"पाने हयच रवतले," ती म्हणाली. "तुझा तू बघ."

स्टँडवर बाकड्यावरची सगळी माणसं आली होती. गुरुजी, पांडू, पोस्टमन, कंपाउंडर. बाकड्यावर कधी गप्प न बसलेली माणसं, पण त्या दिवशी एकालाही गोष्ट आठवेना. कंडक्टर टपावर चढून माझी ट्रंक बांधत होता. मामा इस्त्रीची पांढरी पँट घालून, छत्री बगलेत धरून मला गिरणीचं समजावत होते. भोंगा कधी होतो, पाळी कधी बदलते, कोणाला सलाम करायचा. बोलता बोलता ट्रंक नीट बांधली की नाही ते बघायला ते एक पाऊल मागे सरले.

उतारावरून बेबी येत होती. मला दिसली. पण आवाज आला नाही म्हणून मला ते खरंच वाटेना. बाकी कोणाला तर ती कळलीच नाही. तिचं पुढचं चाक मामांच्या बरोबर गुडघ्यांमागे बसलं.

मामा चिखलात बसले. छत्री एकीकडे, टोपी दुसरीकडे. बेबी मात्र सायकलीवरच, एक पाय टेकवून उभी.

कोणाला हसायचा धीर होईना. मामा उठेनात. मला वाटलं, लागलं. मी वाकलो, तर त्यांनी मला हाताने बाजूला केलं. बसल्या जागेवरून त्यांनी सायकलचं मागचं चाक जरा उचलून धरलं आणि दुसऱ्या हाताने पायडल फिरवलं. एकदा. मग परत, कान जवळ नेऊन. मग उलटं फिरवलं. फिटरच तो. मग बेबीकडे बघितलं.

"गो चेडवा, घंटी वाजवक काय झाला तुका?"

"घंटी नाय माका," बेबी म्हणाली. "आदी कधी लागाक नाय."

मामा उठले. पँटकडे त्यांनी बघितलंही नाही. टोपी उचलली, गुडघ्यावर आपटून डोक्यावर घातली आणि टपावर बघून कंडक्टरला म्हणाले, ती हिरवी ट्रंक खाली दे. कंडक्टर वैतागला. म्हणाला, गाडी सुटायची वेळ झाली, आत्ताच तर बांधली, आता काय झालं?

मामांनी माझ्याकडे बोट केलं.

"हेका आजून एक घंटी लावची आसा."